परदेशात मेडिकल किंवा डेंटलला अर्ज करायचाय, सुरुवात कुठून करू?

पहाटवारा

नमस्कार. मी बारावीत आहे. परदेशात मेडिकल किंवा डेंटल करायचं हे घरी ठरलंय, पण या दोघांतलं कुठलं, ते अजून ठरत नाहीये. गेले दोन महिने रोज रात्री बसून एक तक्ता भरतोय. इंग्लंड, आयर्लंड, इटली, हंगेरी, ऑस्ट्रेलिया, अमेरिका मिळून तेवीस विद्यापीठं झाली. प्रत्येकापुढे फी, क्रमवारी, प्रवेशपरीक्षा, शेवटची तारीख. तक्ता वाढतोय तसा गोंधळही वाढतोय.

परवा आईबरोबर एका एजंटकडे जाऊन आलो. त्यांनी मार्क विचारायच्या आधी पासपोर्टची कॉपी मागितली आणि म्हणाले, "सीट झाली समज." कुठल्या कॉलेजात, हे आईने तीनदा विचारल्यावर सांगितलं. बाहेर पडल्यावर आई म्हणाली, पैसे द्यायच्या आधी कुणा माहीतगाराला विचारू. म्हणून हा धागा.

परक्या देशातल्या मुलांना ही कॉलेजं खरंच घेतात का? परीक्षा कुठली द्यायची? आणि तेवीसमधून निवडायचं कसं?

निवडुंग

वयाने बराच मोठा आहे, म्हणून एकेरीत लिहितो.

तुझ्या तक्त्यात सगळ्यात महत्त्वाचा रकानाच नाही. पदवी मिळाल्यावर परवाना कुठला मिळणार? पदवी कॉलेज देतं, परवाना त्या त्या देशाचं मेडिकल किंवा डेंटल कौन्सिल देतं, आणि या दोघांत काही वेळा पाच-सहा वर्षांचं अंतर पडतं. माझ्या मेडिकलच्या वर्गात एक मुलगा होता, माझ्यापेक्षा कितीतरी हुशार. चांगल्या मार्कांनी पास झाला, मायदेशी गेला आणि तिथे कळलं की आमच्या कॉलेजच्या इंटर्नशिपचे महिने तिथल्या नियमात बसत नाहीत. पुन्हा इंटर्नशिप, पुन्हा परीक्षा. तो उमेदीचा काळ त्याने कागदांमागे घालवला. प्रवेश घेताना एक ईमेल पाठवून विचारलं असतं तर हे टळलं असतं. त्याला ते सांगणारं कुणी नव्हतं, आणि तुला आहे, म्हणून एवढं लांबण लावतोय.

तेव्हा उलटीकडून मोजायला लाग. पुढे कुठे प्रॅक्टिस करायचीय? एकच देश ठरत नसेल तर दोन ठरव, त्यात एक तुझा स्वतःचा देश असू दे. त्या दोन्ही कौन्सिलांचे नियम त्यांच्याच वेबसाइटवर वाच: कोर्स किमान किती वर्षांचा हवा, शिकवण्याची भाषा कोणती, इंटर्नशिप कुठे झालेली चालते, जाण्याआधी घरच्या देशाची एखादी पात्रता परीक्षा द्यावी लागते का. ही शेवटची अट फार लोकांच्या लक्षात येत नाही, आणि ती नंतर पूर्ण करता येत नाही.

मग कॉलेजचं नाव वर्ल्ड डिरेक्टरी ऑफ मेडिकल स्कूल्समध्ये शोध. फुकट आहे, कुणालाही बघता येतं. नुसतं नाव दिसलं म्हणून थांबू नकोस, कारण यादीत असणं म्हणजे मान्यता नव्हे. त्या नोंदीत अमेरिका, कॅनडासारख्या ठिकाणच्या संस्थांचे शेरे वेगळे दिलेले असतात, ते उघडून वाच.

एक उदाहरण. ऑस्ट्रेलियात परदेशी विद्यार्थी पूर्ण फी भरून शिकतो, पण पास झाल्यावर इंटर्नशिपच्या जागा वाटताना तिथल्या मुलांचा नंबर आधी लागतो. त्याला जागा मिळेलच याची हमी नसते. शिक्षण उत्तम असतं, पण हा धोका त्याच्याबरोबर येतो आणि तो प्रवेशपत्रावर लिहिलेला नसतो.

सायंतारा

निवडुंग यांना पूर्ण अनुमोदन. मी इंग्लंडमध्ये डेंटलच्या चौथ्या वर्षाला आहे, तिथलं सांगते.

अर्ज यूकासमधून, म्हणजे तिथल्या विद्यापीठांच्या सामाईक अर्ज-व्यवस्थेतून जातो. बाकीच्या बहुतेक कोर्सेसची मुदत जानेवारीत असते, पण मेडिकल, डेंटल आणि व्हेटर्नरीची १५ ऑक्टोबरला, तिथल्या घड्याळाने संध्याकाळी सहाला. पाच पर्यायांपैकी चारच मेडिकल किंवा डेंटलला वापरता येतात, पाचवा दुसऱ्या कुठल्यातरी विषयाचा. त्यामुळे तुझ्या तेवीसमधली इंग्लंडमधली जास्तीत जास्त चारच उरणार आहेत.

परीक्षा यूकॅट. बीमॅट ही दुसरी प्रवेशपरीक्षा २०२३ नंतर बंद झाली, जुने लेख वाचून तिची तयारी करत बसू नकोस. यूकॅट जुलै ते सप्टेंबरच्या दरम्यान असते, वर्षातून एकदाच देता येते आणि स्कोअर त्याच वर्षी केलेल्या अर्जाला चालतो. २०२५पासून आकृत्यांचा भाग काढून टाकलाय, आता एकूण गुण ९०० ते २७०० आणि सिच्युएशनल जजमेंटचा, म्हणजे दिलेल्या प्रसंगात कसं वागाल या भागाचा, बँड (श्रेणी) वेगळा. उताऱ्यांच्या भागात २२ मिनिटांत ४४ प्रश्न असतात, म्हणजे एका प्रश्नाला अर्धा मिनिट. अभ्यासात पहिल्या येणाऱ्या मुली तिथे अडकताना पाहिल्यात, कारण त्यांना उतारा नीट वाचायची सवय असते. तिथे आधी प्रश्न वाचायचा आणि मग उताऱ्यात शब्द शोधायचा. मला ही सवय लागायला सहा आठवडे गेले.

पर्सनल स्टेटमेंट, म्हणजे अर्जात स्वतःबद्दल लिहायचा मजकूर, २०२६च्या प्रवेशापासून तीन प्रश्नांत विभागलंय: हा कोर्स का, शिक्षणातून काय तयारी झाली, शिक्षणाबाहेर काय केलं. मिळून ४००० अक्षरं, मधल्या मोकळ्या जागा धरून.

जागांचं म्हणशील तर इंग्लंडच्या सरकारी मेडिकल स्कूल्समध्ये परदेशी मुलांसाठी साधारण ७.५ टक्के जागा असतात. शंभरात सात-आठ. काही नवी कॉलेजं परदेशी मुलांना मुळीच घेत नाहीत, आणि ते कोर्सच्या पानावर खाली कुठेतरी एका ओळीत लिहिलेलं असतं. चारातला एक पर्याय असा वाया गेलेली मुलगी माझ्या ओळखीत आहे. आधी ती ओळ शोध, मग बाकीचं वाच.

पहाटवारा

निवडुंगकाका, सायंताराताई, खूप खूप धन्यवाद. परवान्याचा रकाना आजच टाकला आणि पहिल्याच दिवशी सहा नावं खोडली गेली.

अमेरिकेत बारावीनंतर थेट अर्ज करता येतो का? एजंट म्हणाले, करता येतो.

रानजाई

थेट नाही. काही मोजके एकत्रित कोर्स सोडले तर अमेरिकेत आधी चार वर्षांची पदवी, मग एमकॅट ही प्रवेशपरीक्षा, मग चार वर्षं मेडिकल स्कूल. एमकॅट म्हणजे ब्रेक धरून साडेसात तासांची परीक्षा, स्कोअर ४७२ ते ५२८. डेंटललाही आधी पदवी आणि मग डॅट ही प्रवेशपरीक्षा.

आता परदेशी विद्यार्थ्याची बाजू. बरीच मेडिकल स्कूल्स अमेरिकेबाहेरच्या नागरिकांचे अर्ज बघतच नाहीत. जी बघतात त्यांतली बहुतेक किमान काही शिक्षण अमेरिकेत किंवा कॅनडात झालेलं मागतात, म्हणजे सहसा पहिली पदवीसुद्धा तिथेच. केंद्र सरकारचं शैक्षणिक कर्ज परदेशी मुलांना मिळत नाही आणि काही कॉलेजं एक ते चार वर्षांची फी आधीच वेगळ्या खात्यात ठेवायला लावतात. एएएमसी या तिथल्या मेडिकल कॉलेजांच्या संघटनेच्या एमएसएआर या यादीत प्रत्येक कॉलेज परदेशी अर्ज घेतं की नाही ते दिलेलं असतं. अंदाजावर जाऊ नकोस. कॅनडात तर परदेशी मुलांना घेणारी मेडिकल स्कूल्स अगदी हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी.

दुसरा रस्ता म्हणजे एमबीबीएससारखी पदवी दुसरीकडून घेऊन रेसिडेन्सीला, म्हणजे हॉस्पिटलमधल्या पुढच्या प्रशिक्षणाला, अमेरिकेत जायचं. मी त्याच रस्त्याने आले. परदेशी पदवी तपासणाऱ्या ईसीएफएमजी या संस्थेचं सर्टिफिकेट, परवान्याच्या स्टेप परीक्षा, मग मॅच, म्हणजे रेसिडेन्सीच्या जागांचं वाटप. मॅचमध्ये अमेरिकन एमडीच्या (तिथली एमबीबीएससारखी पदवी) शेवटच्या वर्षातल्या नव्वद टक्क्यांहून जास्त मुलांना जागा मिळते, आपल्यासारख्या परदेशी नागरिक असलेल्या परदेशी पदवीधरांचा आकडा गेली काही वर्षं साठच्या जरा खाली राहिलाय. स्टेप वन जानेवारी २०२२पासून नुसती पास-नापास झाली, त्यामुळे स्टेप टूच्या मार्कांना वजन आलं. माझं पहिल्या वर्षी जमलं नाही, दुसऱ्या वर्षी जमलं. मधलं वर्ष घरच्यांच्या आधारावर निघालं. अर्ज भरताना या वर्षाचीही तरतूद मनात असावी असं मला मनापासून वाटतं.

ओंजळ

मेडिकल की डेंटल हा प्रश्न मागे पडतोय, म्हणून लिहिते. मी डेंटिस्ट आहे, पंधरा वर्षं झाली.

डेंटलला दुसरा पर्याय म्हणून अर्जात टाकू नकोस. मुलाखतीत पहिल्या दोन मिनिटांत ते कळतं. आणि हे काम हातांचं आहे. पहिल्या वर्षी आम्हाला मेणाचा ठोकळा देऊन त्यातून दाढ कोरायला सांगितली होती. माझी पहिली दाढ सरांनी उजेडात धरली, बोटाने फिरवली आणि एका कंगोऱ्यावर नख टेकवून म्हणाले, "इथे पेशंट रोज जीभ लावेल." ते वाक्य मला अजून रोज आठवतं, फिलिंगला शेवटचा हात देताना. अमेरिकेच्या डॅटमध्ये म्हणूनच पर्सेप्च्युअल ॲबिलिटी नावाचा भाग आहे: कोन लहान-मोठे ओळखणं, घडी घातलेल्या कागदाला भोक पाडलं तर उलगडल्यावर कुठे दिसेल, असले ९० प्रश्न, वेळ एक तास. इंग्लंडला डेंटलसाठीही यूकॅटच लागते, त्यात हा भाग नाही.

परवान्याच्या बाबतीत डेंटलचं गणित मेडिकलपेक्षा अगदी वेगळं आहे. अमेरिकेत तिथल्याच मान्यताप्राप्त कॉलेजातून डेंटल केलं, तर बहुतेक राज्यांत रेसिडेन्सी न करताही परवाना मिळू शकतो. पण डिग्री बाहेरची असेल तर सहसा तिथल्या कॉलेजात पुन्हा दोन-तीन वर्षं ॲडव्हान्स्ड स्टँडिंगचा, म्हणजे बाहेरच्या डेंटिस्टना मधल्या वर्षात घेणारा कोर्स करावा लागतो, कॅपिड या सामाईक अर्ज-व्यवस्थेतून अर्ज करून, पुन्हा फी भरून. म्हणजे डॉक्टरला बाहेरची पदवी घेऊन रेसिडेन्सीत शिरता येतं, तिथे पगार मिळतो. डेंटिस्ट मात्र परत फी भरणारा विद्यार्थी होतो. इंग्लंडमध्ये बाहेरच्या डेंटिस्टसाठी ओआरई ही नोंदणीची परीक्षा आहे, पण त्या परीक्षेला जागा मिळवण्यातच लोकांचा बराच काळ जातो. म्हणून डेंटल करायचं तर जिथे प्रॅक्टिस करायची तिथेच शिकावं, असं माझं स्पष्ट मत आहे. मेडिकलला हे मी इतक्या ठामपणे म्हणणार नाही.

कुठल्याही ओळखीच्या दवाखान्यात आठवडाभर नुसता बसून ये. बघ, कंटाळा येतो की पुढे वाकून बघावंसं वाटतं.

कवडसा

इटलीत मेडिकलच्या पाचव्या वर्षाला आहे, इंग्रजी कोर्सला. इथल्या सरकारी विद्यापीठांची परीक्षा आयमॅट. १०० मिनिटांत ६० प्रश्न, त्यात जीवशास्त्राचेच २३. बरोबरला दीड गुण, चुकीला ०.४ वजा, सोडला तर शून्य. पर्याय पाच असतात, तेव्हा आंधळेपणाने ठोकलं तर सरासरी किंचित तोटाच होतो. पण एक पर्याय जरी खात्रीने खोडता आला तरी पारडं तुझ्या बाजूला झुकतं. मी हे कागदावर मांडून बघितलं आणि मगच परीक्षेत ठोकायचं धाडस केलं. युरोपियन संघाबाहेर राहणाऱ्यांची गुणवत्ता यादी आणि जागा वेगळ्या असतात, आणि यूनिव्हर्सिटाली या वेबसाइटवर आधी नोंदणी करावी लागते. ती राहिली तर व्हिसाचं काम अडतं. फी घरच्या उत्पन्नावर ठरते आणि उत्पन्न कमी असेल तर प्रादेशिक शिष्यवृत्ती मिळू शकते, पण त्याचे उत्पन्नाचे दाखले भाषांतर करून, शिक्के मारून वेळेत द्यावे लागतात. इथे २०२०पासून मेडिकलची पदवी हाच परवाना धरतात, वेगळी राज्यपरीक्षा उरलेली नाही.

आता जे मला कुणी सांगितलं नव्हतं ते. कोर्स इंग्रजीत असतो, पेशंट इंग्रजीत नसतो. तिसऱ्या वर्षी वॉर्डात एका आजींची हिस्टरी घ्यायला गेले. पाठ करून ठेवलेले प्रश्न नीट विचारले. आजींनी माझा हात धरला आणि पाच मिनिटं काहीतरी सांगितलं, मध्ये एकदा डोळे पुसले. मला त्यातले 'रात्र' आणि 'मुलगा' एवढे दोनच शब्द कळले. बाहेर येऊन फाइलमध्ये लिहिण्यासारखं माझ्याकडे काही नव्हतं. त्या संध्याकाळपासून इटालियनचा क्लास एक दिवसही चुकवला नाही. हंगेरीत शिकणाऱ्या मैत्रिणीचाही हाच अनुभव, तिथे तर मेडिकल हंगेरियन हा विषयच असतो. पहिल्या वर्षापासून भाषेला रोज एक तास दे. चौथ्या वर्षी सुरू केलंस तर उशीर झालेला असेल.

पिंपळपान

भाषेची एवढी धास्ती घेऊ नये असं मला वाटतं. मी जर्मनीत जर्मनमधूनच शिकलो. सरकारी विद्यापीठांत बहुतेक राज्यांत शिक्षण शुल्क नाही. बाडेन-वुर्टेंबर्ग युरोपियन संघाबाहेरच्यांकडून घेतं. शाळेचा दाखला थेट प्रवेशाला पुरत नसेल तर एक वर्ष श्टुडिएनकॉलेग (विद्यापीठाआधीचा तयारीचा वर्ग), मेडिकलवाल्यांसाठी त्यातला एम-कुर्स, आणि शेवटी परीक्षा. भाषा सी-१पर्यंत, म्हणजे बरीच वरच्या पातळीची लागते. शून्यापासून तिथवर यायला मला दीड वर्ष लागलं. पण पहिल्याच वॉर्डात पेशंटशी नीट बोलता आलं. कवडसा, तुम्ही नंतर जे भोगलंत ते मी आधी भोगून घेतलं, एवढाच फरक.

जागा मात्र अगदी थोड्या आणि स्पर्धा मार्कांची. शाळेचे मार्क मध्यम असतील तर तिथे वर्ष घालवू नये.

कवडसा

पिंपळपान, पटलं. पैशाची ओढाताण असेल आणि दीड वर्ष देता येत असेल, तर तुमचा रस्ता माझ्यापेक्षा चांगला आहे.

तगर

माझी मुलगी गेल्या वर्षी गेली. अभ्यासाचं तिने बघितलं, कागदांचं मी. बाळा, आईला हे वाचायला दे.

पहिलं, नाव. मुलीच्या शाळेच्या दाखल्यावर वडिलांचं नाव मध्ये होतं, मार्कलिस्टवर शेवटी आणि पासपोर्टवर नव्हतंच. विद्यापीठाने लिहिलं, ही तीन वेगवेगळी माणसं दिसतात. प्रतिज्ञापत्र, वर्तमानपत्रातली जाहिरात, शाळेचं दुरुस्तीपत्र यांत सात आठवडे गेले. तुझे सगळे कागद आजच टेबलावर एका ओळीत मांड आणि नाव व जन्मतारीख अक्षर न् अक्षर ताडून बघ.

दुसरं, अपोस्टिल, म्हणजे कागद परदेशात ग्राह्य धरावा म्हणून मारलेला सरकारी शिक्का. १९६१च्या हेग करारातला देश असेल तर एक शिक्का पुरतो, नसेल तर वकिलातीतून प्रमाणित करून घ्यावं लागतं. मूळ कागदाला शिक्का आधी की भाषांतराला, हे विद्यापीठाला लिहून विचार. आम्ही उलट केलं आणि सगळं परत करावं लागलं.

तिसरं, हेपेटायटिस बी. मेडिकल-डेंटलच्या मुलांना ही लस आणि अँटिबॉडीचा रिपोर्ट बहुतेक सगळीकडे मागतात. नेहमीच्या पद्धतीने तीन डोस: पहिला, एक महिन्याने दुसरा, सहा महिन्यांनी तिसरा. त्यानंतर महिना-दोन महिन्यांनी रक्त तपासायचं. म्हणजे सगळं मिळून सात-आठ महिने. मुलीला प्रवेशपत्र मिळालं तेव्हा हातात चार महिने होते. तिचा रिपोर्ट अपुरा म्हणून पहिली टर्म तिला क्लिनिकमध्ये लांबून बघावं लागलं. फोनवर काही बोलली नाही, पण मला कळत होतं. लहानपणी लस झाली असेल तरी अँटिबॉडी तपासून घे, पातळी खाली गेलेली असू शकते.

पोलीस व्हेरिफिकेशन आणि इंग्रजीची परीक्षाही लक्षात ठेव. आयईएलटीएस दोनच वर्षं धरतात, आणि मेडिकलला ७ किंवा ७.५ मागतात, तेही काही ठिकाणी प्रत्येक भागात.

निवडुंग

तगरताई, हेपेटायटिसचं फार मोलाचं लिहिलंत. मी डॉक्टर असूनही सांगायचं विसरलो.

एजंटबद्दल. सगळे वाईट नसतात, काही विद्यापीठांचे अधिकृत प्रतिनिधीही असतात. पण ती नावं विद्यापीठाच्या वेबसाइटवर असतात, तिथे ताडून बघायचं. मार्क न बघता सीट पक्की म्हणणारा माणूस तुझ्यासाठी काम करत नाहीये. फी विद्यापीठाच्या खात्यात भरायची, एजंटच्या नाही. अर्जाच्या पोर्टलचा पासवर्ड तुझ्याकडेच हवा, आणि पासपोर्टची कॉपी दिली असशील तर कशासाठी दिली ते लिहून घे.

सायंतारा

मुलाखतीचं राहिलं. बऱ्याच ठिकाणी एमएमआय, म्हणजे एकापाठोपाठ अनेक छोट्या मुलाखती असतात, कॅनडातल्या मॅकमास्टर विद्यापीठाने सुरू केलेली पद्धत. आठ-दहा टेबलं, प्रत्येकाला पाच ते आठ मिनिटं, घंटा वाजली की पुढचं. एका टेबलावर मला एक बाई रडत बसलेल्या दिसल्या, कार्डवर लिहिलं होतं: 'तुमच्याकडून यांच्या मांजराला गाडीची धडक बसली आहे, त्यांना सांगा.' मी घाईघाईने तीन वेळा सॉरी म्हणाले, मग लक्षात आलं की त्यांना बोलूच दिलं नाहीये. गप्प बसले. त्या बोलायला लागल्या. नंतरच्या टेबलांवर मी पहिलं वाक्य मुद्दाम हळू म्हटलं. पाठ केलेली उत्तरं तिथे उपयोगाची नाहीत. मैत्रिणीला समोर बसवून, मोबाइलवर सहा मिनिटं लावून सराव कर. आणि ऑनलाइन असेल तर वेळ कुठल्या देशाच्या घड्याळाची ते दोनदा बघ.

पहाटवारा

तीन आठवड्यांनी लिहितोय. तेवीसचे सात झालेत. आईने दोन कौन्सिलांना ईमेल केले होते, एकाचं उत्तर आलं: सातपैकी एका कॉलेजची इंटर्नशिप त्यांना चालत नाही. म्हणजे सहा.

ओंजळताई, दवाखान्यात आठ दिवस बसलो. चौथ्या दिवशी डॉक्टरांनी एका मुलाचा पडलेला दात दुधात ठेवून आणलेला परत बसवला. मी इतका वाकलो की त्यांनी मला मागे सरकायला सांगितलं. डेंटल नक्की झालंय. त्यामुळे अमेरिका खोडली आणि इंग्लंडला चारही पर्याय डेंटलचे.

तगरकाकू, अँटिबॉडी कमी निघाल्या. गुरुवारी पहिला डोस घेतला, पुढची तारीख आईने कॅलेंडरवर लाल केलीय. दाखल्यावर आडनावाचं एक अक्षर वेगळं आहे, शाळेत अर्ज दिलाय.

एकच विचारायचं राहिलं. यूकासच्या शिफारसपत्रासाठी मुख्याध्यापकांना सांगू की जीवशास्त्राच्या बाईंना? मुख्याध्यापक मला फारसे ओळखत नाहीत.

सायंतारा

बाईंना. तीन वर्षं वर्गात बघितलेलं माणूस तुझ्याबद्दल खरं काहीतरी लिहू शकतं. शाळेचा नियम सही मुख्याध्यापकांचीच हवी असा असेल तर मजकूर बाईंनी लिहून द्यावा. त्यांना सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्याची तारीख सांग, १५ ऑक्टोबर सांगू नकोस. अंदाजे मार्कही त्यांनाच द्यावे लागतील, म्हणून चाचणीचे पेपर सोबत घेऊन जा.